‘हेवन’: गूढाची उकल आणि करुणा

स्टीफन किंग यांच्या ‘द कोलोरॅडो किड’ (२००५) या कादंबरीत समुद्रकिनारी आढळलेल्या मृतदेहाचे गूढ अखेरपर्यंत उकलत नाही. तिच्यावर आधारित ‘हेवन’ (२०१०-२०१५) ही मालिका मेन राज्यातील एका किनारी गावात घडते. तेथील ‘ट्रबल’ म्हणजे वंशपरंपरेने आलेला अलौकिक शाप. बहुधा दडपलेली भीती वा शोक उफाळला की तो जागा होतो. त्यामुळे ऑड्री पार्करचा पोलिसी तपास शिक्षेकडे न वळता दुःखाच्या मुळाशी जातो. मालिकेचे खरे मोल या करुणेत आहे. उत्तरार्धात शापांचा उगम अन्य जगात दाखविल्याने कोडे सुटते. परंतु माणसाची व्यथा दुय्यम ठरते. कादंबरीने पत्करलेले मौन म्हणूनच अधिक अर्थगर्भ वाटते.