एक परीक्षा, अनेक संहिता

प्रवेशपरीक्षेच्या दिवसांत महापे येथील औद्योगिक वसाहतीत जे दृश्य दिसते, ते परीक्षेच्या बदललेल्या स्वरूपाचे द्योतक मानावयास हवे. शाळेच्या पटांगणाऐवजी कचेऱ्यांच्या इमारतींपुढे पालक ताटकळत असतात आणि आत उमेदवार बाकाऐवजी संगणकापुढे बसलेला असतो. महाराष्ट्राची सामाईक प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा सोयीच्या अंगानेच होते. उत्तरपत्रिकेतील गोल काळे करण्याचा खटाटोप संपला, दिलेले उत्तर बदलता येऊ लागले. उलटपक्षी, आकृतीवरच खुणा करण्याची सोय गेली, ती कच्च्या कागदावर उतरवून घेणे आले. हे मुद्दे खरे आहेत. तथापि ते दुय्यम होत. मूळ प्रश्न गुणांच्या अर्थाचा आहे.

कागदावरील परीक्षा एकाच वेळी होते, तेव्हा सर्व उमेदवारांपुढे एकच संहिता असते. संचागणिक प्रश्नांचा क्रम बदलला, तरी प्रश्न तेच राहतात. म्हणून २०० पैकी १५० गुण या विधानाचा अर्थ सर्वांच्या बाबतीत एकच होतो. संगणकांची संख्या मात्र मर्यादित असते. त्यामुळे परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत घ्यावी लागते व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. भिन्न संहितांवरील गुणांची सरळ तुलना होऊ शकत नाही. म्हणून पर्सेंटाइलचा आश्रय घ्यावा लागतो. त्या सत्रातील शेकडा किती उमेदवारांना आपल्याइतके वा आपल्याहून कमी गुण पडले, एवढेच ही संख्या सांगते. भाषेतील चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ठरते, असे सोस्यूरने प्रतिपादिले. पर्सेंटाइलचे मूल्यही तसेच संबंधनिष्ठ आहे. प्रत्येक सत्रातील उमेदवारांचा समूह सारख्याच तयारीचा असतो, हे त्यामागील गृहीतक होय. मोठ्या संख्येत ते बहुधा ग्राह्य ठरते. पण ते गृहीतकच आहे, हे विसरता कामा नये.

२७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रातील गणिताच्या २१ प्रश्नांत चुका आढळल्या. प्रत्येक प्रश्नाला २ गुण; म्हणजे गणिताच्या १०० गुणांपैकी ४२ गुण संशयित झाले. सर्वांपुढे एकच संहिता असती, तर त्या चुकांचा भार सर्वांवर सारखाच पडला असता. येथे तो एकाच सत्रावर पडला. सर्वांना ते ४२ गुण बहाल केले असते, तर त्या सत्रातील अभ्यासू व सामान्य उमेदवारांतील अंतर आक्रसले असते. अखेर ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. चूक प्रश्नकर्त्यांची, पण पुन्हा परीक्षेला बसावे लागले ते विद्यार्थ्यांना.

तथापि, यावरून कागदाचा पक्ष सिद्ध होतो असे नव्हे. २०२४ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, म्हणजे नीटची, कागदी प्रश्नपत्रिका पाटणा व हजारीबाग येथे फुटली आणि देशभरच्या २३ लाखांहून अधिक उमेदवारांच्या मनात संशय निर्माण झाला. संहिता एकच असली, की तिला लागलेला डागही सर्वांच्या वाट्याला येतो. एवढे होऊनही २०२५ ची नीट परीक्षा कागदावर, एकाच सत्रात घेण्यात आली.

तेव्हा माध्यमाचा वाद बाजूस ठेवून एक मागणी करणे उचित होईल. उमेदवाराला आपले प्रश्न, आपली उत्तरे व उत्तरतालिका पाहून आक्षेप घेता येतो. एवढ्याने भागत नाही. कारण त्याची खरी तुलना त्याने न पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांशी होत असते. सर्व सत्रांच्या प्रश्नपत्रिका, त्यांच्या सर्व भाषांतील पाठांसह, प्रसिद्ध व्हाव्यात. गुणपत्रकावर पर्सेंटाइलशेजारी मूळ गुण व सत्रातील उमेदवारांची संख्या छापली जावी. जी संहिता वाचावयास मिळत नाही, तिची समीक्षा होऊ शकत नाही. आणि समीक्षेपासून दूर ठेवलेल्या संहितेवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवणे न्यायाचे नव्हे.