शेपटीचा दोष आणि मुलाचा हात

नांदेड-लातूरकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत रेडिओ-नियंत्रित विमानांची मॉडेल्स दिसू लागली आहेत. रंगकाम सुबक, तक्ते नेटके. शेपटीपाशी मात्र आम्ही थबकतो. 'शेपटीमुळे विमान वळते' असे तक्त्यावर असते आणि परीक्षक मान डोलावतात. विमान वळते ते मुख्यतः पंख कलल्यामुळे. तेव्हा उचल धरणाऱ्या बलाचा काही भाग वळणाच्या बाजूला ओढू लागतो. शेपटीचे पहिले काम निराळे आहे. झोताने नाक भरकटले, तर ते पुन्हा दिशेवर आणायचे.

ती केवढी हवी? पंख १०० सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद, म्हणजे २,००० चौ.सें.मी. आडवी शेपटी ४०० चौ.सें.मी., पंखापासून ५० सें.मी. मागे. शेपटीचे क्षेत्रफळ व अंतर यांच्या गुणाकाराला पंखाचे क्षेत्रफळ व रुंदी यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर ०.५. शिकाऊ मॉडेलला एवढे पुरते. नववीच्या मुलाला जमणारे हे गणित एकाही तक्त्यावर आम्हाला आढळले नाही.

खरा घोटाळा होतो तो इंग्रजी 'व्ही'सारख्या शेपटीत. १९४७ साली आलेल्या बीचक्राफ्ट बोनान्झा विमानाची ती शेपटी देखणी खरी, आणि मुले तिची नक्कल करतात. तीच ४०० चौ.सें.मी.ची शेपटी दोन्हीकडून ३५ अंश वर उचलली, की आडव्या शेपटीचे काम करणारा भाग उरतो सुमारे २६८, ०.५ चे होते ०.३४. नाक डोलू लागते. तोल पूर्ववत राखायचा तर शेपटी ६०० ची हवी. शिवाय उजवीकडे नाक वळवताना ही शेपटी विमानाला किंचित डावीकडे कलवू पाहते. नवशिक्या हाताला हे कळत नाही, मॉडेल आपटते, आणि गुरुजी म्हणतात, "तुझा हात अजून बसला नाही." पैसे साठवून मोटर आणलेल्या मुलावर हा अन्याय आहे.

काही जण घारीचा दाखला देतात. गोदाकाठची घार उभ्या शेपटीवाचून उडते, हे बरोबर. पण ती आपली दुभंगलेली शेपटी क्षणोक्षणी पिळत असते. चिकटवलेल्या थर्मोकोलला ते कुठून जमणार?

परीक्षकांनी रेडिओ बाजूला ठेवून हाताने फेकायचे ग्लायडर मागवावे: पंख एकच, शेपट्या तीन. दर वेळी गुरुत्वमध्य त्याच खुणेवर येईल एवढी माती नाकाला लावावी, मग फेकावे.