उकिरड्यावरचा दिवा

दिवाळीच्या संध्याकाळी घरातले सगळे दिवे लावून झाले, की आजी शेवटची एक पणती माझ्या हाती देई आणि म्हणे, "जा, उकंड्यावर ठेवून ये." बोदवडला आमच्या घरामागे, गोठ्याच्या पलीकडे उकिरडा होता. अंगात नवा सदरा, कानात अत्तराचा फाया, आणि पाऊल मात्र शेण-राखेच्या ढिगाकडे! मला त्या कामाची भारी लाज वाटे. तुळशीपाशी दिवा लावावा, उंबऱ्यावर लावावा, विहिरीच्या काठावर लावावा, हे समजू शकत होते, पण उकिरड्यावर? एकदा मी तसे विचारलेही. आजी कामातून मान वर न करता म्हणाली, "अरे, सालभर खत कोण देतं आपल्याला? त्याचीबी दिवाळीच."

ही आठवण यंदा निघाली ती एका नकाशामुळे. गावातल्या काही उत्साही तरुणांनी मजकडे एका नियोजित बागेचा नकाशा धाडला आणि 'आपला अभिप्राय कळवावा' असे लिहिले. माझा आयुष्यभराचा व्यवसाय पुस्तकांवर अभिप्राय देण्याचा. बागेवर तो कधी दिला नव्हता. पण विचार करता वाटले, बाग ही देखील माणसाने केलेली रचनाच. तिच्यात काय घेतले, काय गाळले, कशाला मान दिला, यावरून करणाऱ्याचे मन कळते. आणि मन कळले की टीकाकाराला बोलण्याचा अधिकार मिळतो. म्हणून एखादा नवा कवितासंग्रह वाचावा तसा मी तो नकाशा वाचावयास बसलो.

नकाशा सुबक होता. मध्यभागी हिरवळ, तिच्याभोवती रंगीत सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट, कडेने सरळसोट अशोकांची रांग, एक कारंजे, आणि कचरा टाकण्यासाठी तोंड उघडून उभे असलेले दोन पेंग्विन. खानदेशच्या वैशाखात पेंग्विन! अशी बाग आज कोणत्याही गावी पाहावयास मिळते. छापील शुभेच्छापत्रासारखी ती असते. वरचे नाव बदलले की कोठेही चालते. नकाशाच्या कोपऱ्यात एक टीप होती: 'सध्याची झुडपे व कचरा हटवून जागा साफ करणे.' माझे मन त्या टिपेपाशी अडखळले.

कारण ती जागा माझ्या ओळखीची. एका जुन्या, बंद पडलेल्या जिनामागचे ते पटांगण. बोदवड हे कापसाच्या व्यापाराचे गाव. हंगामात येथे कापसाच्या गाड्या उभ्या राहत, सरकीचा वास दरवळे, आणि कापसाचे धागे बाभळीच्या काट्यांना अडकून भर उन्हात बर्फ पडल्यासारखे दिसे. आता तेथे मोडक्या भिंतीच्या विटा आहेत, गंजलेले पत्रे आहेत, आणि जे कोणी लावले नाही ते सारे आहे. वेडी बाभूळ आहे. रुई आहे, तिच्या पानांवर ठिपक्यांची केशरी फुलपाखरे अंडी घालतात. पिवळ्या फुलांनी लदबदलेला तरवड आहे. पावसाळ्यात टाकळा माजतो आणि बायका त्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडून नेतात. भिंतीच्या फटीत पिंपळाने पाय रोवले आहेत. सातभाईंचा कलकलाट दिवसभर चालतो. या सगळ्याला नकाशात एकच नाव मिळाले होते: 'झुडपे व कचरा'.

येथे मला एका खानदेशी माणसाची आठवण होते. बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म फैजपूरचा, म्हणजे याच जळगाव जिल्ह्यातला, १९०९ सालचा. १९४७ मध्ये त्यांची 'काही कविता' निघाली तेव्हा केवढा गहजब झाला! पिंपात मेलेले उंदीर हा काय कवितेचा विषय झाला, असे लोक विचारू लागले. अश्लीलतेचा खटलाही झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. त्या आधी मराठी कवितेच्या बागेत चंद्र, चमेली आणि कोकीळ यांची सोय चोख होती. यंत्र, धूर आणि उंदीर यांना फाटकाबाहेर उभे राहावे लागे. मर्ढेकरांनी फाटक उघडले. आज मर्ढेकरांवाचून मराठी कवितेचा विचारच करता येत नाही. म्हणजे आमच्या कवितेने शहराचा उकिरडा आत घेतला त्याला पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. आमच्या बागा मात्र अजून चंद्र-चमेलीतच आहेत.

तसे काही अपवाद आहेत. त्यांतला महाराष्ट्रातला मोठा अपवाद मी डोळ्यांनी पाहिला आहे. मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीच्या समोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तेथे पूर्वी मुंबईचा कचरा पडे. १९७७ मध्ये तो पडणे थांबले. १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांच्या हस्ते तेथे झाड लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडले. जागा सुमारे ३७ एकर. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' अशी आपल्याकडे म्हण आहे. माहीमच्या उकिरड्याला सतरा लागली, एवढेच.

मी तेथे गेलो तो पाऊस नुकताच उघडल्यावर. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, आत शिरताच झाडांची दाट सावली. शाळेची मुले रांगेत चालली होती आणि फुलपाखरू दिसले की रांग मोडत होती. येथे गुलाबाच्या वाफ्यांची मिजास नाही; जंगल वाढते तशी झाडे एकमेकांच्या अंगावर रेलून वाढली आहेत. पलीकडे खाडीची खारफुटी. मुंबईत असे काही उभे राहते, टिकते, हीच केवढी गोष्ट! या उद्यानाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु आदर वाटला म्हणून टीकाकाराने लेखणी म्यान करावी असे नाही. तासभर फिरलो, आणि एक उणीव मनाला टोचत राहिली. पायांखाली सबंध शहराने वर्षानुवर्षे टाकलेला ढीग आहे, हे मला फिरताना कोठेही जाणवले नाही. कोठे एखादा कापलेला थर नाही, जेथे थांबून मुलांना म्हणावे, 'हे पाहा, हे तुमच्या आजोबांनी फेकलेले. आणि ही त्यावर आलेली मुळे.' मातीने सारे झाकून टाकले. एखाद्या घराण्याने श्रीमंती आल्यावर गरिबीचा काळ कोणाला सांगू नये, तसे हे झाले. शिवाय झाकलेले विसरले जाते. माहीमचा उकिरडा तेथून हलला, पण मुंबईचा कचरा काही थांबला नाही. देवनारला त्याचे डोंगर उभे राहिले. सुंदर बागेत फिरून बाहेर पडणाऱ्याला त्या डोंगरांची आठवणही होऊ नये, हे त्या बागेचे यश म्हणावे की अपयश?

योगायोग असा, की त्याच १९९४ साली जर्मनीत डुइसबुर्ग येथे दुसरी एक बाग उघडली. ती मी पाहिलेली नाही. चित्रे आणि वर्णने यांवरूनच बोलतो आहे. तेथे पोलादाचा प्रचंड कारखाना होता. १९८५ मध्ये तो बंद पडला. कोणीही म्हटले असते, पाडा आणि साफ करा. पेटर लाट्झ या रचनाकाराने पाडले नाही. झोतभट्ट्या उभ्याच ठेवल्या. लोक त्यांवर चढून भोवतालचा मुलूख पाहतात. वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरले. त्यात पाणबुडे बुड्या मारावयास शिकतात. भट्टीतल्या लोखंडी तक्त्यांचा चौक बांधला. मळीच्या ढिगांवर आपोआप उगवलेली भूर्जाची झाडे उपटली नाहीत, तीच बागेची झाडे ठरली. आणि जी माती खरोखरच विषारी होती ती मात्र जुन्या कोठ्यांत बंद करून टाकली. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सर्व काही स्वीकारणे म्हणजे डोळे मिटून स्वीकारणे नव्हे.

आपल्या देशातही एका माणसाने हे आधीच केले होते, आणि तेही कोणाला न विचारता. चंदीगड हे नकाशावर आखून बांधलेले शहर. ते उभारताना जी जुनी गावे हटली त्यांच्या मोडतोडीतून नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास सामान वेचावयास सुरुवात केली. फुटक्या बांगड्या, कपबशा, तुटकी भांडी, दगडगोटे. सुखना तळ्याजवळच्या रानात, सरकारी जागेवर, तो गुपचूप आपली मूर्तींची नगरी रचत राहिला. सुमारे अठरा वर्षांनी ती उजेडात आली. १९७६ मध्ये ती 'रॉक गार्डन' म्हणून लोकांना खुली झाली. मी तेथे बांगड्यांच्या तुकड्यांची वस्त्रे ल्यालेल्या बायकांची एक रांग पाहिली. कोणा अनोळखी घरातल्या सुनांचे, लेकींचे हात मला त्यांत दिसले. आखीव शहराने जे टाकले, त्यातच त्या शहराचे मन सापडले. कलाकृती म्हणून मी या तिन्हींत नेकचंदची बाग वर ठेवीन. दोष एवढाच, की तिथला टाकाऊ माल एका असामान्य माणसाच्या हातून गेला म्हणून सुंदर झाला. प्रत्येक गावाच्या नशिबी नेकचंद नसतो.

आता कोणी म्हणेल, 'महाराज, घाणीचे कौतुक घाणीपासून दूर राहणाऱ्यालाच सुचते.' हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याच्या दारात गटार तुंबते त्याने त्यात सौंदर्य पाहावे, असे सांगण्याइतका निर्लज्जपणा मजपाशी नाही. गाजरगवताचेच घ्या. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि बघता बघता देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागाने दमा बळावतो. ते फुलावर येण्यापूर्वी उपटावे हेच बरे. प्लास्टिकच्या पिशव्यांचेही तसेच. आजीच्या उकिरड्यात शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठे जात. वर्षाने त्याचे काळे, भुसभुशीत खत होई आणि ते वावरात जाई. आजचा ढीग कुजत नाही. गाय तो खाते आणि मरते. पेटवला तर धूर सबंध आळीच्या छातीत जातो. अशा ढिगावर दिवा लावला असता तर आजीनेच माझा कान धरला असता.

मला वाटते, गोष्ट येथेच उलगडते. दिवा घाणीला नव्हता. जे टाकले त्याला जागा द्यावयाची, वेळ द्यावयाचा आणि त्याचे पुन्हा काही होऊ द्यावयाचे, या रिवाजाला तो होता. आपल्या सणांकडे पाहिले तर हा रिवाज जागोजाग दिसतो. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. अभ्यंगाच्या वेळी आघाडा अंगावरून फिरवावा असे शास्त्र आहे. आणि आघाडा काही कोणी बागेत लावीत नाही, तो कुंपणाच्या कडेला आपणहून येतो. नरकचतुर्दशीला पुष्कळ ठिकाणी पायाखाली फोडतात ते कारीटही रानवेलीचेच. गणपतीच्या पत्रींत रुई आहे, धोतरा आहे, डोरली आहे. आपल्या पूर्वजांनी नकोशा झाडांना वर्षातून एकदा तरी घरात बोलावण्याची सोय करून ठेवली होती. आपण मात्र बागेचा नकाशा काढताना ती आमंत्रणे रद्द करतो.

तेव्हा मी त्या तरुणांना असा अभिप्राय लिहिला: हिरवळ करू नका. ज्या गावातल्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी खोळंबून राहतात, त्या गावात गवताला रोज पाणी पाजणे शोभत नाही. कारंज्याचेही तेच. गाजरगवत, काचा आणि प्लास्टिक पहिल्याने काढा. वेडी बाभूळ आवरा, पण एका कोपऱ्यात राहू द्या. तिच्या वाळक्या फांद्या कोणाच्या तरी चुलीला लागतात. तरवड, रुई, टाकळा यांना हात लावू नका. फक्त त्यांच्यामधून एक पायवाट काढा. पिंपळ भिंत पाडील अशी भीती असेल तर भिंतीच्या विटा काढून त्यांचाच पार बांधा. जिनाचे एखादे चाक सापडले तर ते तेथेच ठेवा. येथे कापसातली सरकी काढली जाई, हे नातवंडांना कळू द्या. सावलीसाठी निंब लावा. आणि पेंग्विनांच्या जागी खताचा एक खड्डा करा. गावच्या बाजारातला भाजीपाला त्यात पडू द्या, आणि त्याच्या शेजारी एक बाक ठेवा. वास येईल म्हणाल, तर राख आणि माती यांचा थर नीट दिला की येत नाही, हे माझ्या आजीला ठाऊक होते.

उत्तर आले. मंडळी सभ्य आहेत. त्यांनी आभार मानले आहेत. हिरवळ निम्मी केली आहे, कारंजे तूर्त रद्द आहे. तरवडाच्या पायवाटेची कल्पना त्यांना पसंत पडली. पेंग्विन मात्र राहणार, कारण मुलांना आवडतात. खताच्या खड्ड्याविषयी पत्रात एक अक्षर नाही.

मी पुन्हा लिहिणार आहे. पण त्याआधी दिवाळीला गावी जाईन म्हणतो. आमचा गोठा गेला, घरामागचा उकिरडा गेला. त्या जागी आता चुलतभावाची मोटार उभी राहते. तेव्हा शेवटची पणती घेऊन संध्याकाळी त्या जिनामागच्या पटांगणात जावे असा बेत आहे. बरोबर धाकट्या नातवाला नेईन. अंगात नवा सदरा असल्यामुळे तो कुरकुरेल, आणि येथे दिवा कशाला म्हणून विचारील. उत्तर माझ्यापाशी तयार आहे; ते मला फार पूर्वीच मिळाले आहे.