'पागोळी'चे आठ होल्ड

आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत प्लायची एक भिंत आहे. उभ्या रेषेपासून ४० अंश पुढं झुकलेली, आठ फूट रुंद, दहा फूट लांब, आणि तळाशी फूटभर उंचीचा सरळ किकबोर्ड. तिच्यावर सत्तरेक होल्ड, म्हणजे धरायचे ठोकळे आणि पट्ट्या, बसवलेले आहेत. त्यांतले आठ निवडून माझ्या भाचीनं दोन वर्षांपूर्वी जुलैत एक प्रॉब्लेम रचला. दोराशिवाय करायच्या अशा छोट्या चढाईला बोल्डरिंगवाले प्रॉब्लेमच म्हणतात. त्या दुपारी पत्र्याच्या कडेवरून पाणी गळत होतं, म्हणून तिनं नाव ठेवलं 'पागोळी'. मी तो शेकडो वेळा केला असेल, त्याहून अधिक वेळा त्यातून सुटून गादीवर आलो असेन, आणि नुसता बसून पाहत राहिलो त्याची तर गणतीच नाही. सह्याद्रीतल्या नामांकित कातळवाटांवर हात फिरवून झाला आहे. पण एवढ्याशा जागेत इतका विचार मावलेला मला फार थोड्या ठिकाणी भेटला.

ही भिंत पावसासाठी बांधली. जूनपासून आमचा कातळ हाती लागत नाही. त्याच्यावर शेवाळ धरतं, कपारींतून धारा लागतात, आणि दसऱ्यानंतर पुन्हा कड्यापाशी जावं तर बोटांनी सगळं विसरलेलं असतं. म्हणून १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला. अकरा उभ्या रांगा, पंधरा आडव्या, दर २० सेंटिमीटरवर एक भोक, एकूण १६५. भोक पुढच्या अंगानं पाडायचं, म्हणजे लाकडाची सालपटं मागं निघतात आणि हाताच्या बाजूला कड स्वच्छ राहते. मग मागून प्रत्येक भोकात टी-नट ठोकायचा. पुढून होल्डमधून येणारा बोल्ट त्याच्याच आट्यांत बसतो. आमच्या सुतारानं पहिल्याच दिवशी विचारलं, "आधी ठिपके कुठं येणार ते सांगा, चौकटीच्या पट्ट्या मी मग ठरवतो." टी-नटच्या मागं नेमकी चौकटीची पट्टी आली तर ते भोक कायमचं गेलं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आणि 'ठिपके' हा त्याचा शब्द मला इतका पटला, की तेव्हापासून मी ही भिंत रांगोळी म्हणूनच पाहतो. ठिपके सगळ्यांना सारखेच मिळतात. कुठला ठिपका धरायचा, कुठला मोकळा सोडायचा, यात काढणारीचा हात दिसतो.

'पागोळी' चौथ्या ओळीत, अगदी मधोमध सुरू होते. फूटभर लांबीची लाकडी पट्टी, २० मिलिमीटर खोल, वरची कड हलकीशी गोल केलेली. दोन्ही हात तिच्यावर, पाय किकबोर्डवर. ही सुरुवात मुद्दाम साधी आहे. बोटांचं पहिलं पेर नीट बसतं, लाकूड कातडीला खरचटत नाही, अंग स्थिर होतं. पुढं काही कठीण येणार आहे याची चाहूलही लागत नाही.

दुसरा होल्ड उजव्या हाताचा. सहाव्या ओळीतला रेझिनचा खरखरीत ठोकळा, साइडपुल म्हणून बसवलेला, म्हणजे धरायची कड उजवीकडे. तो खाली ओढून चालत नाही, डावीकडे ओढावा लागतो. ओढायचं असेल तर अंग डावीकडे झुकवावं लागतं, आणि अंग डावीकडे गेलं की डावा हात आपोआप आठव्या ओळीतल्या तिसऱ्या होल्डपाशी पोचतो. अर्ध्या पेराचा बारीक क्रिम्प आहे, बोटांच्या टोकांनी धरायचा, तरी तो अवघड वाटत नाही. एका होल्डनं पुढच्याकडे बोट दाखवणं म्हणजे काय, ते इथं कळतं. नाशिककडचा हरिहर चढताना पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हातासाठी खोदलेल्या खोबण्या सापडतात. दमलेल्या माणसाचा हात नेमका कुठं जाईल हे ओळखूनच त्या खोदणाऱ्यानं छिन्नी लावली असणार. भाचीनं तेच ज्ञान इथं वापरलं आहे. फक्त ती ते पहिल्या तीन होल्डपुरतंच देते.

चौथ्यापासून बोलणं बदलतं. उजवा हात अंडरकटवर येतो. ही कड खालच्या बाजूला आहे, तळवा वर करून धरायची. हात पोचतो तेव्हा ती तोंडासमोर असते, आणि तिथं अंडरकटमध्ये काहीच जोर नसतो. पाय वर घेतले, डावा सुरुवातीच्या पट्टीवर आणि उजवा दुसऱ्या होल्डच्या माथ्यावर ठेवला, की तीच कड पोटाशी येते आणि एकदम विश्वासाची होते. होल्ड जागचा हलला नाही, आपण हललो. धीर धरून पाय वर घेणाऱ्यालाच तो मिळतो. जो हातानंच सगळं उरकू पाहतो त्याला नाही.

इथं मला भाचीचा न्याय फार आवडतो. ती पाच फुटांची, मी पावणेसहा. घरच्या भिंतीवर उंच माणसाचा फायदा होतोच; हात लांब, की दोन होल्ड गाळता येतात. 'पागोळी'त ते जमत नाही, कारण या जागी पाय आणि हात यांत इतकं थोडं अंतर आहे, की माझे गुडघे छातीला टेकतात आणि कंबर भिंतीपासून मागं ढकलली जाते. तिचं अंग तिथं नीट घडी होऊन मावतं. मला उपाय शोधावा लागला: डाव्या बुटाची बाहेरची कड टेकवायची, गुडघा आत वळवून खाली सोडायचा, डावी कंबर फळीला लावायची. तेवढं केलं की डावा हात लांब होतो आणि पाचव्या होल्डवर जातो. माझी उंची कमी न करता तिनं आम्हा दोघांना एकाच मापाच्या दारातून आत घेतलं.

पाचवा होल्ड स्लोपर. अकराव्या ओळीत, पार डावीकडे, अर्ध्या नारळाएवढा लाकडी गोल. त्याला कड नाही, खाच नाही. पंजा पसरून टेकवायचा आणि घर्षणावर भरवसा ठेवायचा. बाकीचे लाकडी होल्ड शिवणीच्या लाकडाचे आहेत, हा बाभळीचा. सागवान करून पाहिलं होतं, पण त्याच्या अंगचं तेल हाताला निसटतं लागतं. पॉलिश कशालाच केलेलं नाही. पावसाळी हवेत हातावरची मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड दमट होते, आणि मेमध्ये सहज धरलेला हा गोल जुलैत चार वेळा सोडून देतो. स्लोपरवर टिकायचं तर वजन त्याच्या बरोबर खाली हवं. म्हणून डावा पाय तिसऱ्या होल्डवर चढवून सगळं अंग डावीकडे घ्यायचं. आणि पुढचा होल्ड आहे उजवीकडे.

तो सहावा. 'पागोळी'चा जीव त्यात आहे, पण त्याच्याकडे जाण्याआधी थोडं मागं जायला हवं.

१९६४मध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी विटांच्या भिंतीत खरे दगड बसवून चढाईची भिंत केली. तिथं मनातली कल्पना सरळ होती: कातळ घरात आणायचा. १९८८मध्ये न्यूरेम्बर्गच्या एका व्यायामशाळेत वोल्फगांग ग्युलिख यांनी झुकत्या फळीवर नुसत्या लाकडी पट्ट्या लावल्या. कातळाचं सोंग गेलं, बोटांना हवा तेवढाच ताण उरला. त्या सरावाचं फळ १९९१मध्ये फ्रांकनयुरातल्या 'अॅक्सिऑन डायरेक्ट' या चढाईत दिसलं. पुढं शेफील्डचे बेन मून यांनी २००५मध्ये मूनबोर्ड आणला. तिथल्या जुन्या शाळेच्या इमारतीतल्या 'स्कूल रूम'मध्ये वर्षानुवर्षं झालेला सराव त्यामागं होता. मूनबोर्डचा कोन ४० अंश, रांगा अकरा आणि अठरा, अंतर २० सेंटिमीटर. आमच्या भिंतीचं माप तिथूनच घेतलं. छत बेताचं म्हणून तीन ओळी कमी झाल्या. पण मूनबोर्डची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट माप नाही. प्रत्येक होल्डला क्रमांक आहे आणि तो कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचा तेही ठरलेलं आहे, होकायंत्रावर उत्तर-दक्षिण दाखवावी तसं. त्यामुळं शेफील्डमध्ये रचलेला प्रॉब्लेम दुसऱ्या खंडातल्या भिंतीवर तसाच्या तसा चढता येतो. होल्ड म्हणजे केवळ वस्तू नव्हे. वस्तू, जागा आणि दिशा मिळून होल्ड होतो, हे त्या मांडणीनं पक्कं केलं.

आमच्या सहाव्या होल्डची गोष्ट या तिसऱ्या शब्दाची आहे. बाराव्या ओळीतली ही शिवणीची छोटी पट्टी, जेमतेम चार बोटं मावतील एवढी, पहिल्यांदा आडवी लावली होती. तेव्हा अडचण पोचण्यात होती. स्लोपरवरचं वजन न हलवता उजवा हात वर टाकायचा आणि आडवी कड अचूक पकडायची. अंग डावीकडे, ओढ सरळ खाली, हात निसटायचा. पण एकदा पकडली, की पुढं काही उरत नव्हतं. दोन दिवस आम्ही तशीच चढलो. मला ती पसंत होती. तिसऱ्या दिवशी भाची अॅलन की घेऊन वर चढली, बोल्ट सैल केला, पट्टीचं उजवं टोक खाली येईल अशी ती जराशी फिरवली, घड्याळातल्या तीन मिनिटांएवढी, आणि पुन्हा आवळली. होल्ड आपोआप फिरू नये म्हणून त्याला बाजूनं एक स्क्रूही मारला. एवढंच केलं.

त्या तीन मिनिटांनी सगळा प्रॉब्लेम उलटला. आता कडेचं तोंड वर-उजवीकडे झालं, म्हणजे ती खाली-डावीकडे ओढली तरच बसते. हात वर टाकताना अंग डावीकडेच असतं, त्यामुळं पट्टी हातात येते ती आयती. धरली त्या क्षणी वाटतं की सुटलो. मग डावा हात स्लोपर सोडून उजव्या हातावरून पलीकडे, तेराव्या ओळीतल्या सातव्या होल्डकडे न्यायचा असतो, आणि त्यासाठी कंबर उजवीकडे सरकवावी लागते. कंबर जितकी सरकेल तितकी ती पट्टी वाईट होत जाते. ज्या होल्डनं आपल्याला आत घेतलं, तोच बाहेर जाऊ देत नाही. अडचण तेवढीच राहिली, पण ती पकडण्यातून सोडण्यात गेली.

नवशिके रचनाकार प्रॉब्लेम कठीण करायला होल्ड लहान करतात. मीही तेच करायचो. होल्ड लहान केला तर फक्त बोटं दुखतात. बोटांत स्नायू नसतात; ओढतात ते कोपराखालचे स्नायू, आणि सारा भार कंडरांना जागेवर धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्यांवर येतो. त्या दुखावल्या तर महिनोन्‌महिने बसून राहावं लागतं. तिनं होल्ड तोच ठेवला, बोटांवर जास्त काहीच लादलं नाही, आणि कठीणपणा कमरेत, पावलांत, वेळेत आणला. कमरेनं आधी निघायचं की हातानं? हात आधी निघाला तर तो पलीकडे पुरत नाही. कंबर आधी निघाली तर पट्टी सुटते. दोन्ही एकाच श्वासात जावं लागतं, उजवा पाय चौथ्या होल्डवर दाबून. हे मला कळायला तीन आठवडे लागले.

एवढ्या लहान वयात तिला हे कुठून सुचलं, याचा मी पुष्कळ विचार केला. २०१६ आणि २०१७मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. प्रेक्षकांत बसून तिनं सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते चढण्याआधी खाली उभं राहून हवेत हात फिरवणारे चढाईपटू. प्रत्येक होल्डकडे ते हातानं जाऊन येतात. ख्याल गाणाऱ्याचा हात स्वर दाखवतो तसा. घरी आल्यावर ती जेवणाच्या ताटासमोर तसेच हात फिरवायची. रचना वाचण्याची सवय तिला रचना करण्याच्या कितीतरी आधी लागली होती.

सातवा होल्ड हाती आला की पाय सुटतात. थांबवता येत नाहीत. उजवा हात सहाव्यावरून निघतो तसं अंग डाव्या हाताभोवती दारासारखं उघडतं, आणि क्षणभर माणूस एका हातावर, भिंतीपासून दूर, नुसता लोंबतो. त्या झोक्याच्या टोकाला, अंग परत फिरण्याच्या बेतात असताना, उजवा हात पंधराव्या ओळीतल्या शेवटच्या, 'जग' म्हणतात तशा मोठ्या होल्डवर जातो. जग ओंजळीएवढा आहे, धरताना काही विचार करावा लागत नाही. नाव पावसामुळं पडलं असं मी बरेच दिवस समजत होतो. मग एकदा गादीवर बसून तिलाच चढताना पाहिलं. पत्र्याच्या कडेवर थेंब फुगतो, लांबतो, अजून पडलेला नसतो, तेवढ्या वेळेपुरती ती सातव्या होल्डवर लोंबत होती.

मूनबोर्डवरचे प्रॉब्लेम जगभर आहेत. 'पागोळी' पृथ्वीवर या एकाच खोलीत आहे. म्हणून दर मेमध्ये होल्ड उतरवून, साबणाच्या पाण्यात घासून, सावलीत वाळवून परत लावताना आम्ही फार जपतो. काढण्याआधी प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवतो आणि दिशेचा बाण काढतो. सहावा उतरवला की प्लायवर दोन आकार दिसतात. एक आडवा, पुसट. दुसरा त्याच बोल्टभोवती किंचित कललेला, दरवर्षी गिरवून ठळक झालेला. पट्टी या दुसऱ्यात बसवतो, बोल्ट आधी बोटांनीच आत घेतो, आणि शेवटचा अर्धा आटा आवळण्याआधी चार बोटं कडेवर ठेवून अंग डावीकडे झुकवून पाहतो. भाची खालून सांगते, "मामा, अजून एक केसभर."