‘वादो, लाम्माझ्झो ए तोर्नो’ : एका गुप्तधनकथेची रचना

गुप्तधनाच्या कथेत धन किती आहे यापेक्षा त्याचे ज्ञान कोणाजवळ आहे, हा प्रश्न रचनेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो. सेर्जो लेओने याच्या १९६६ च्या सुप्रसिद्ध चित्रपटात एकाला दफनभूमीचे नाव ठाऊक आहे, तर दुसऱ्याला थडग्यावरील नाव. त्यामुळे परस्परांचा द्वेष करणाऱ्या दोघांना एकमेकांचे प्राण जपावे लागतात. त्या कथेतील सारा ताण या सक्तीतून उद्भवतो.

पुढच्याच वर्षी आलेल्या एन्झो जी. कास्तेल्लारीच्या प्रस्तुत चित्रपटात (शीर्षकाचा अर्थ : जातो, त्याला मारतो नि परततो) ही सक्ती उरलेली नाही. आगगाडीतून लुटलेले तीन लक्ष डॉलरचे सोने टोळीतीलच एक जण परस्पर लपवितो व मारला जातो. मागे राहते ते एक पदक. इनामासाठी माणसे टिपणारा अनामिक, बँकेचा अधिकारी क्लेटन आणि दरोडेखोरांचा नायक मोनेतेरो हे तिघे सोन्याच्या मागे लागतात. परंतु पदक ही वस्तू आहे; ती हिसकावता येते. जो ती मिळवील त्याला इतरांची गरज नाही. साहजिकच येथील युत्या जुळतात आणि मोडतात त्या पटकथाकाराच्या सोयीने.

आरंभीचा प्रवेश मात्र चतुर आहे. ईस्टवुडचा अनामिक, व्हॅन क्लीफचा कर्नल आणि जँगो यांची आठवण करून देणारे तीन स्वार गावात येतात व जॉर्ज हिल्टनच्या गोळ्यांना बळी पडतात. या विडंबनाची स्तुती करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये : पूर्वसूरींचा असा निकाल लावल्यावर चित्रपट पुढे त्यांच्याच मिळकतीवर चालतो. मुष्टियुद्धांतील कसरती प्रेक्षणीय आहेत खऱ्या, पण त्यांनी कथा पुढे सरकत नाही. क्लेटनच्या भूमिकेतील एड बर्न्स तर बहुतेक वेळ केवळ नीटनेटका दिसतो.

अपवाद गिल्बर्ट रोलंडचा. मूकपटांच्या काळापासून अभिनय करीत आलेला हा मेक्सिकोत जन्मलेला नट साठी ओलांडल्यावर मोनेतेरो साकारतो, आणि तो घाई करीत नाही. इतर दोघांना सोने हवे आहे एवढेच आपल्याला कळते. मोनेतेरोला मात्र आपल्याच माणसाने फसविलेले आहे, आणि रोलंड ते न बोलता चेहऱ्यावर वागवितो.