फासे आणि रणभूमी : युद्धविषयक भूमिकाखेळातील सापडलेल्या वस्तूंच्या कोष्टकांची चिकित्सा

भूमिकाखेळ हा कथनाचाच एक प्रकार आहे. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग मांडतो आणि अनिश्चित बाबींचा निर्णय फाशांवर सोपविला जातो. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगातील सैनिकांचे जीवन रंगविणारी या खेळांची एक स्वतंत्र शाखा आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेला ‘ट्वायलाइट : २०००’ हा तिचा ठळक नमुना होय. अण्वस्त्रयुद्धानंतर पोलंडमधील कालिश शहराजवळ एक अमेरिकन डिव्हिजन नष्ट होते आणि मागे राहिलेल्या मूठभर सैनिकांना स्वतःच्या बळावर जगावे लागते, अशी त्याची मूळ कल्पना आहे.

या शाखेत एक साधन वारंवार आढळते, ते म्हणजे रणभूमीवर सापडणाऱ्या वस्तूंचे कोष्टक. फासा टाकावयाचा आणि आलेल्या आकड्यासमोर काय लिहिले आहे ते वाचावयाचे : काडतुसांची पेटी, दुर्बीण, फुटका पाण्याचा डबा, घरून आलेले पत्र. या साधनाचे गुण नाकारता येणार नाहीत. सूत्रधाराच्या पक्षपातास ते आळा घालते आणि टंचाईची जाणीव सतत जागी ठेवते. तथापि त्याचा एक दोष मूलगामी आहे. कोष्टकातील प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण असते. वस्तूला भूतकाळ नसतो. ती तेथे का राहिली, हा प्रश्नच उद्भवत नाही.

हा दोष किती मोठा आहे, हे उत्तर कोकणातील एका प्रत्यक्ष मोहिमेशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून हल्ला करून घेतला. त्या झुंजीत बाजी भीवराव कामास आले. पुढे मे महिन्यात वसई पडली, परंतु ती तहाने. शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे व वाद्ये घेऊन, बायकामुलांसह बाहेर पडण्याची मुभा मिळाली. फौज तीच, शत्रू तोच आणि मधले अंतर अवघ्या चार महिन्यांचे. परंतु दोन्ही ठिकाणी मागे काय उरावे, याचे नियम सर्वस्वी भिन्न होते. तारापुरास मृतांची शस्त्रे तटावरच पडणार. वसईस शस्त्रे धन्यांबरोबर निघून जाणार आणि सहजी उचलून नेता येत नाही ते राहणार. दोहोंसाठी एकच कोष्टक वापरणारा सूत्रधार हल्ला आणि तह यांतील भेदच पुसून टाकतो.

वस्तू सापडल्यानंतरचा तिचा प्रवासही असाच अर्थपूर्ण असतो. वसईच्या मोहिमेतील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या घंटा पुढे महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरही अशीच एक घंटा टांगलेली आहे. घंटेचा धातू तोफा ओतण्यास उपयोगी पडतो, तरीही या घंटा वितळविल्या गेल्या नाहीत. हा निर्णय फाशाने घेतलेला नव्हता. विजयाची खूण राखावी, देवालयास भूषण द्यावे, असा विचार त्यामागे असणार. कोष्टक जेथे ‘घंटा, एक’ असे लिहून थांबते, तेथेच खरे कथानक सुरू होते.

हाच निकष कल्पित भविष्यकाळास लावता येतो. अशा खेळाची भूमी म्हणून बोईसर-तारापूरचा परिसर सहज सुचण्याजोगा आहे. तेथील अणुविद्युत केंद्र १९६९ पासूनचे आहे. शेजारी रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. परकीय कोष्टक जसेच्या तसे उचलल्यास येथेही बंदुका आणि वायूपासून बचावाचे मुखवटेच सापडतील. स्थळाचा विचार केल्यास निराळ्या वस्तू पुढे येतात : चिठ्ठी निघून गेलेली रसायनाची पिंपे, सातपाटीच्या होड्यांतील उरलेसुरले डिझेल, ताडीची मडकी, मोहाची वाळलेली फुले. ‘ट्वायलाइट : २०००’ मध्ये वाहने मद्यार्कावर चालतात. तेव्हा अनोळखी सैनिक जो फुलांचा ढीग ओलांडून जाईल, तो वारली कुटुंबाच्या दृष्टीने अन्न आणि संपत्ती असेल, आणि रणगाड्याच्या चालकाला मात्र ते इंधन वाटेल. शिवाय मोह चैत्राच्या सुमारास फुलतो आणि पावसाळ्यात मासेमारी थांबते; म्हणजे कोष्टकास ऋतूही असावा लागतो. पिंपात काय आहे हे फासा सांगू शकत नाही. त्यासाठी कारखान्यात राबलेला कामगार शोधावा लागतो. अशा रीतीने वस्तूचा शोध माणसाच्या शोधाकडे नेतो, आणि खेळास आवश्यक असलेले नाट्य तेथेच निर्माण होते.

यावरून कोष्टके टाकाऊ आहेत असे मात्र ठरत नाही. युद्धात यदृच्छेला स्थान आहेच. फाशाने ओळ निवडावी; परंतु ओळी लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरे आधी दिली गेली पाहिजेत. वस्तू कोणाची होती? ती मागे का राहिली? तिची किंमत आता कोणाला कळते? मृत सैनिकाच्या खिशातील पत्र आणि काडतूस यांना एकाच रांगेत बसविणारे कोष्टक ही उत्तरे देत नाही. तेथे रणभूमी म्हणजे केवळ बेवारस कोठार होऊन बसते आणि खेळाडूला लूट करण्याची सवय लागते. युद्धाने काय नष्ट केले याची जाणीव करून देणे हे या शाखेचे घोषित प्रयोजन मानले, तर वस्तूच्या धन्याचा असा विसर हा तपशिलातील उणेपणा ठरत नाही. तो त्या प्रयोजनाचाच पराभव ठरतो.