नियमग्रंथातील द्वितीय पुरुष : एक प्रथमवाचन

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळावयाचा बैठा खेळ गायगॅक्स व आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. एक निवेदक प्रसंग सांगतो, इतर जण आपापल्या पात्राची कृती बोलून दाखवितात आणि यशापयशाचा निर्णय वीस बाजूंचा फासा करतो. त्याच्या नव्या नियमांचे पहिले खर्डे ऑगस्ट २०२२ मध्ये चाचणीसाठी खुले झाले व मुख्य ग्रंथ २०२४ साली निघाला. एप्रिल २०२५ मध्ये नियमांचा बराच भाग अशा परवान्याखाली मोकळा करण्यात आला, की श्रेयनिर्देश करून कोणासही त्याचे भाषांतर करता यावे. मराठी भाषांतराचा प्रश्न त्यामुळे आता केवळ तात्त्विक उरलेला नाही.

प्रथमवाचनात एक बदल विशेष जाणवला. आंधळेपणा, भय, जमिनीवर पडणे या अवस्थांच्या नियमांचा कर्ता २०१४ च्या ग्रंथात ‘त्या अवस्थेतील प्राणी’ असे. आता तेथे ‘तुम्ही’ आला आहे. इंग्रजीत हा लाभच होय. खेळणारा व पात्र यांतील अंतर त्याने नाहीसे होते.

मराठीत मात्र हा ‘तुम्ही’ इतका निरुपद्रवी नाही. ‘तुम्ही पडलात’ यात लिंग दिसत नाही हे खरे. पण ‘तुम्ही घाबरलेले आहात’ म्हणताच ते प्रकट होते. शिवाय वसईच्या ज्या मुलामुलींबरोबर प्रस्तुत लेखक हा खेळ पाहावयास बसला, ती एकमेकांस ‘तू’च म्हणतात. प्रसंग १७३९ च्या वसईच्या वेढ्याचा होता. एका विद्यार्थिनीने चिमाजी अप्पांच्या सैन्यातील शिपाई घेतला होता. निवेदक म्हणाला, “तू तटावरून पडलास.” ती उत्तरली, “पडले, पण उठतो.” कोणी हसले नाही, हे नमूद केले पाहिजे. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीलिंगी क्रियापदे सहज बोलत. पण त्यांच्या हाती नाटककाराची संहिता होती. येथे वाक्य त्याच क्षणी घडवावयाचे असते, आणि ते कोणाच्या लिंगाने घडवावे याविषयी इंग्रजी ग्रंथ मौन बाळगतो. त्यास बोलण्याची गरजच पडलेली नाही.

‘अंध’, ‘भयग्रस्त’, ‘भूपतित’ ही तत्सम विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत, हा एक उपाय. पण ‘भूपतित’ खेळताना उच्चारणार कोण? ‘तुम्हांला दिसत नाही’ ही रचना अधिक बरी. मात्र ती प्रत्येक अवस्थेस लागू पडत नाही. आमच्या मते भाषांतरकाराने येथे नवा ग्रंथ सोडून जुन्याचा तृतीय पुरुष स्वीकारावा आणि कर्ता ‘पात्र’ ठेवावा. तो नपुंसकलिंगी आहे. पात्र घाबरते, पडते, उठते. खेळणारा कोण हे व्याकरण विचारीत नाही. या रचनेत जवळीक कमी होते, हा आक्षेप मान्य आहे. ती जवळीक निवेदकाच्या ‘तू’वर सोपवावी, आणि बोलताना क्रियापद पात्राच्या लिंगाने चालावे एवढा एक नियम मराठी आवृत्तीत अधिक घालावा.

नमुन्यादाखल केलेल्या पानांत आम्ही हेच केले. जमिनीवर पडलेल्या अवस्थेस ‘पालथे’ म्हणावे की ‘उताणे’, यावर मात्र मुलांत वाद झाला. मूळ नियम तो भेद करीत नाही. तूर्त ‘आडवे’ लिहिले आहे.